एक जूनची माणसं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. धर्मापुरीकडून परतलो की दोन दिवस माझं जेवणात लक्ष नसायचं. बायको विचारायची, आणि मी ऊन लागलं म्हणून सांगायचो. हिवाळ्यातसुद्धा मला ऊनच लागायचं. मुलगा संगणकाच्याच धंद्यात आहे, त्याच्याजवळ बोलावं असं एकदा वाटलं होतं. पण तो म्हणाला असता, "बाबा, अशा चुका सगळीकडे होतात." मला तेवढ्यावर सुटायचं नव्हतं. आता ज्याला सांगायचं होतं तो राहिला नाही. त्याची सून आहे. निदान तिच्यासाठी तरी हे नीट लिहिलं पाहिजे.

तो माझा शाळेतला सोबती. धर्मापुरीच्या अलीकडे आमचं गाव. आम्ही शेतकरी, ते मेंढपाळ. त्यांच्या घरात आजा वारला त्याच वर्षी दोन्ही सुनांना मुलगे झाले. आज्याचं नाव सोडायला दोघींपैकी एकही तयार होईना. शेवटी दोन्ही पोरांना तेच नाव ठेवलं गेलं. आता नाव एक, आडनाव एक, घरही एकच. हाक मारली की दोघंही यायचे, नाहीतर कुणीच यायचं नाही. मग गावानं थोरला आणि धाकला असं करून टाकलं. दोघांत फरक काय तो एका पंधरवड्याचा. थोरला शांत, कमी बोलणारा. धाकला म्हणजे माझा मित्र, तोंडानं फटकळ आणि मेंढ्या राखण्यात अगदी कच्चा. त्याची मेंढरं कायम दुसऱ्याच्या कळपात सापडायची.

आम्हा तिघांना एकाच दिवशी शाळेत नेऊन बसवलं. गुरुजींनी धाकल्याच्या बापाला विचारलं, "पोरगा कधी जन्मला?"

"बालाघाटातनं मेंढरं परत आली तवा."

थोरल्याच्या बापानं नुसतं "तवाच की" म्हणून मान डोलावली. माझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मुगाच्या शेंगा तोडायला गेलतो, तिथंच पोट दुखायला लागलं." गुरुजींनी तिघांकडे नीट पाहिलं, उंचीवरून वर्ष ठरवलं आणि तिघांच्याही नावापुढे एक जून लिहून टाकलं. आमच्या भागात माझ्या वयाच्या माणसांत एक जूनला न जन्मलेला माणूस शोधावा लागतो.

धाकला चौथीत शाळा सोडून मेंढरांमागे गेला, मी शिकत राहिलो. पण एक जून आम्ही सोडला नाही. मेंढरं कुठंही असोत, त्या दिवशी तो धर्मापुरीत यायचा. आम्ही देवळाजवळच्या हॉटेलात बसून भजी खायचो. कधी थोरलाही यायचा. मोबाईल आल्यावर तर मजाच झाली. सकाळपासून बँकेचे, सिमकार्डवाल्यांचे शुभेच्छांचे मेसेज सुरू व्हायचे. धाकल्याला वाचता येत असे, पण तो मुद्दाम माझ्याकडून वाचून घ्यायचा.

"काय म्हनती बँक?"

"वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा म्हणते."

"खातं रिकामं हाय हे ठाव नसंल तिला." मग माझ्याकडे बघून, "काय बे साहेब, लई म्हातारा दिसायलास."

"तू पण झालास की."

"एका दिवशी जन्मलो मग! म्हातारं बी एकाच दिवशी व्हावं लागतं."

तो मला साहेब म्हणायचा तो चेष्टेनं. मी साहेब नव्हतो. अंबाजोगाईत एका ट्रस्टचं डोळ्यांचं रुग्णालय आहे, तिथं मी नोंदणी विभाग सांभाळायचो. निवृत्तीनंतरही त्यांनी मला ठेवून घेतलं होतं, कारण आमचा जुना प्रोग्रॅम काळ्या पडद्याचा, हिरव्या अक्षरांचा, आणि तो माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही.

धाकल्याचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. बोरं पाडताना बोरीचा काटा घुसला होता. आयुष्यभर त्यानं एका डोळ्यानं मेंढरं राखली. मेंढरं हरवली की तो म्हणायचा, "माझ्या वाटणीची निम्मीच दिसतात, बाकीची तुमी बघा." मग त्या एका डोळ्यातही मोतीबिंदू आला. मीच त्याला रुग्णालयात घेऊन गेलो. डॉक्टरांनी साखर आटोक्यात आणायला सांगितली. पुढच्या खेपेला साखर बरी निघाली, तसं त्याचं नाव ऑपरेशनच्या यादीत घातलं. दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत शिबिरं चालायची, त्यांतल्या एकात फोन करून बोलावू, असं ठरलं. नंबर सुनेचा दिला होता. मुलगा मेंढरांच्या पुढे चालायचा आणि सून बिऱ्हाडाबरोबर, म्हणून मोबाईल तिच्याकडे असायचा.

याच सुमारास रुग्णालयानं नवं सॉफ्टवेअर घेतलं. जुन्या प्रोग्रॅममधली सगळी माहिती त्यात न्यायची होती. त्या कामासाठी कंपनीनं बीडची एक मुलगी पाठवली. हुशार, बोलकी, डब्यातली शेंगदाण्याची चटणी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे सरकवणारी. मला काका म्हणायची. तिनं तिच्या लॅपटॉपवर एक यंत्रणा उघडली. पडद्यावर चौकोन होते आणि त्यांना जोडणारे बाण. पहिला चौकोन जुन्या प्रोग्रॅममधून नोंदी वाचणार, शेवटचा नव्यात भरणार. मधल्या प्रत्येक चौकोनात नोंदीवर काहीतरी संस्कार व्हायचा. ती त्याला ट्रान्सफॉर्मेशन म्हणायची. मी निवडणं-पाखडणं म्हणायचो, पुढे तीही तसंच म्हणायला लागली.

ते काम मला फार आवडलं. चाळीसेक वर्षं आम्ही माणसांची नावं, गावं, डोळे कसेही लिहीत आलो होतो. उजवा डोळा कुणी 'उ' लिहिलेला, कुणी इंग्रजी आर, कुणी चक्क 'चांगला नसलेला'. एक चौकोन ते सगळं एका शब्दात आणायचा. दुसरा नावामागच्या मोकळ्या जागा छाटायचा. तिसरा तारीख उलटीसुलटी असेल तर सरळ करायचा. बटण दाबलं की बाणांवरून आकडे धावायला लागत. मेंढरं कुंपणाच्या फटीतून एकेक करून निघतात ना, तशा नोंदी एका चौकोनातून दुसऱ्यात जायच्या. म्हातारपणी खेळणं मिळाल्यासारखं झालं होतं मला. काही चौकोन मी स्वतः बनवले. ती म्हणायची, "काका, तुम्ही उगाच मोतीबिंदूत अडकलात, पुण्याला यायला पाहिजे होतं."

सगळ्यात मोठी डोकेदुखी दुबार नोंदींची होती. पेशंट केसपेपर हरवून यायचा आणि आम्ही त्याची नवी नोंद करायचो. एकेक माणूस तीन-तीन, चार-चारदा. ट्रस्टचे लोक म्हणत, आपले पेशंट नक्की किती हेच कळत नाही. तेव्हा दुबार नोंदी ओळखून एक करणारा चौकोन बसवायचा होता. कशावरून ओळखायचं, हे ठरवणं माझ्याकडे आलं. मी म्हणालो, स्वतःचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख. मधलं नाव धरायचं नाही. बाईच्या मधल्या नावात आधी बाप असतो, मग नवरा येतो, पुरुषांच्या बाबतीतही निम्म्या ठिकाणी नुसतं एक अक्षर लिहिलेलं. आणि जिथं जुळेल तिथं ताजी नोंद ठेवायची, जुनी तिच्यात मिसळून टाकायची.

नियम चालवण्याआधी तिनं जन्मतारखांचा एक आलेख काढून दाखवला. बाकीच्या तारखा हरभऱ्याच्या रोपाएवढ्या, आणि मधेच एक जून, बाभळीएवढा उभा.

"काका, हे काय आहे?"

मी पोट धरून हसलो. गुरुजी, मुगाच्या शेंगा, बालाघाटातून परतलेली मेंढरं, सगळं तिला रंगवून सांगितलं. धाकला आणि थोरला यांची गोष्टही सांगितली. हो, तीही सांगितली. तीसुद्धा हसायला लागली. "माझ्या पप्पांचीपण एक जूनच आहे! आम्ही लहानपणी केकपण कापायचो." मग हसू आवरून तिनं विचारलं, "मग ही तारीख जुळणीत धरायची का?"

मी म्हणालो, "धर ना. नाव, आडनाव, गाव आणि वर तारीखही तीच, एवढं सगळं जुळल्यावर माणूस दुसरा कशाला असेल?"

"बघा हं. तुम्ही म्हणताय म्हणून."

तिनं चौकोन बसवला, मी बटण दाबलं. नोंदींचा आकडा झरझर उतरला. ट्रस्टच्या लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आमच्याकडे तारीख नसलेल्या प्रत्येकाला ती एकच तारीख देतात, हे तिला दहा मिनिटांपूर्वी मीच हसत हसत सांगितलं होतं, आणि तीच तारीख मी माणूस ओळखण्याची खूण म्हणून धरली. इतकी वर्षं ती आमच्या अंगवळणी पडली होती की ती खोटी आहे हे माहीत असूनही मला ती खरीच वाटली.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला धाकला मला धर्मापुरीच्या बाजारात भेटला. लोकरीची घोंगडी खांद्यावर, हातात काठी, आणि काठी जरा जास्तच पुढे टेकत चाललेला.

"काय रे, डोळ्याचं काय झालं?"

"तुमचा फोन येनार म्हनलं व्हतं. आलं की जाऊ."

"आला नाही अजून?"

"येईल की. तू हाईस ना तिथं, मला कशाची फिकीर?"

मी त्याला म्हणालो, "येईल. आता नवी सिस्टिम बसवलीय आपण, त्यात कुणी मागं राहत नाही." अंबाजोगाईला जाऊन त्याचं नाव एकदा पडद्यावर उघडून पाहायचं, एवढंच करायचं होतं. पण उन्हाळ्यात गर्दी असते. शिवाय माझा त्या चौकोनांवर फार विश्वास होता. मी पाहिलं नाही.

एक जूनला तो आला नाही. मेंढरं लांब गेली असतील, असं मी धरून चाललो. तो आला ते पाऊस लागल्यावर, थेट रुग्णालयात, सुनेचा हात धरून. डोळा लालभडक, डोकं दुखून हैराण झालेला. मोतीबिंदू पिकून पिकून डोळ्यातला दाब वाढला होता आणि मागची नस दुखावली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "उजेड-अंधार कळेल. शिबिरातच आले असते तर..."

मी माझ्या खोलीत येऊन त्याचं नाव उघडलं. एकच नोंद होती. उजवा डोळा, ऑपरेशन झाले. फोन नंबर थोरल्याचा. थोरल्याचा उजवा डोळा आमच्याकडेच आदल्या वर्षी झाला होता, आणि आम्ही नोंदी एक केल्या त्याच्या थोडंच आधी तो तपासणीला येऊन गेला होता, म्हणजे ताजी नोंद त्याची. माझ्या नियमानं धाकल्याला उचलून थोरल्यात मिसळून टाकलं होतं. जन्मापासून गावानं ज्या दोघांना वेगळं ठेवलं होतं, त्यांना मी एक केलं. ऑपरेशन झालेल्या माणसाला शिबिराचा फोन कशाला जाईल?

तेवढ्यात ती दोघं आत आली. त्याच्या डोळ्यावर पट्टी. खुर्ची चाचपून तो बसला.

"फोन कावून केला न्हाईस बे?"

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "केला होता. लागला नाही."

तो सुनेकडे वळला. "मी म्हनत व्हतो की न्हाई, मोबाईल चार्ज करीत जा म्हनून?"

"मामा, फोन तर चालूच ऱ्हातो माझा," ती हळू म्हणाली.

"मग साहेब काय खोटं बोलतो का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विचारात पडल्यासारखं. जणू खरंच कधी फोन बंद पडला होता का, ते आठवत होती. मग तिनं पदर सारखा केला. मी समोरच्या पडद्याकडे पाहत राहिलो. तो बंद करावा हेही मला सुचलं नाही.

पुढच्या आठवडाभरात मी तो नियम मोडला. एक जूनच्या सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या, मधलं नाव आणि फोन ताडून पाहिले, चुकून एक झालेली माणसं परत वेगळी केली. त्यातल्या ज्यांना ज्यांना गरज होती त्यांना बोलावून घेतलं. देवाच्या कृपेनं बाकी कुणाचं असं नुकसान झालं नव्हतं. बीडच्या त्या मुलीला मी फोनवर एवढंच सांगितलं की तारीख जुळणीतून काढलीय. ती म्हणाली, "बरं केलंत काका." तिला मी का ते सांगितलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

धाकल्याकडे मी त्यानंतर जास्तच जायला लागलो. कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवलेली असायची. वाघरीच्या जाळीत ती दाटीनं उभी, बाजूला पाल, पालाबाहेर तो घोंगडीवर. माझ्या स्कूटरचा आवाज लांबून ओळखायचा. "आला बघा म्हातारा. सायलेन्सर फुटलंय त्याचं, नवं घेईना." सून शेळीच्या दुधाचा चहा करायची. लई गोड चहा. तिच्या गळ्यात दोरीनं बांधलेला मोबाईल असायचा. ज्या गावाजवळ बिऱ्हाड उतरेल तिथल्या किराणा दुकानात जाऊन ती तो चार्ज करून आणायची, पाणी भरायच्याही आधी. चालताना तो तिच्या छातीवर हलायचा.

"बघ," धाकला म्हणायचा, "माझ्या सुनेनं मोबाईल गळ्यात बांधलाय. म्होरक्या मेंढराच्या घंटीगत. आता कुनाचा बी फोन चुकनार न्हाई."

ती हसायची. मीसुद्धा हसल्यासारखं करायचो. तो तिला टोचून बोलत नव्हता, त्याचा स्वभावच चेष्टेचा. पण तो मोबाईल तिच्या गळ्यात मी बांधला होता.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एका एक जूनला त्याला मुद्दाम स्कूटरवर बसवून धर्मापुरीला नेलं. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. हॉटेलातल्या पोऱ्यानं भजी आणून ठेवली. धाकल्यानं एक उचललं, फुंकर घातली आणि म्हणाला, "भजी जास्त तळून लाल झाली का रं?"

"लाल आहेत."

"मला वासावरनं कळलं." मग चावता चावता, "थोरला म्हनतो, दवाखान्यातच कुनी तरी चुकवलं असंल. मी म्हनलं, गप बस. आपला मानूस व्हता म्हनून निदान उजेड तरी राहिलाय मला."

माझी जुळवलेली वाक्यं तिथंच राहिली. त्यानं चाचपून माझ्या ताटलीत आणखी एक भजं टाकलं. "खा बे. वाढदिवस हाय आपला."

अशी आणखी काही वर्षं गेली. तो आतून आनंदी होता, हे मी मनाची समजूत घालायला लिहीत नाही. मेंढरांचा आवाज ऐकून तो सांगायचा की ऊन किती चढलंय. नातवंडांना गोष्टी सांगायचा, त्यांतल्या निम्म्या माझ्या फजितीच्या. फक्त एकदा म्हणाला होता, धाकट्या नातीचं तोंड कसं हाय ते कुणी नीट सांगत न्हाई. मी सांगितलं, तुझ्यासारखं आहे, नाक मात्र बरं आहे. तेव्हा तो खूप हसला होता.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. छातीत कळ आली आणि तिथंच घोंगडीवर. मी तेराव्याला गेलो. जेवणं झाल्यावर थोरला एका बाजूला बसून होता, त्याच नावाचा, त्याच तारखेचा. त्याच्याकडे मला बघवेना. मी निघालो तशी सून स्कूटरपर्यंत आली. मोबाईल तिच्या गळ्यात होताच. तिनं तो हातात धरला आणि म्हणाली, "काका, एक इचारू? रागावू नका. तवा तुमी खरंच फोन केलता का वो?"

ती आरोप करत नव्हती. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेला प्रश्न होता तो. सासऱ्यासमोर तिनं तो कधी काढला नाही, कारण काढला असता तर त्याचा साहेब खोटा ठरला असता.

मी म्हणालो, "हो." आणि स्कूटरला किक मारली.

म्हणून हे लिहितो आहे. लिहून झालं की मी स्वतः तिच्याकडे जाणार आणि तिच्यापुढे वाचून दाखवणार, थोरल्यालाही बोलावणार. बाई, तुझा फोन चालू होता. कायम चालू होता. त्यावर कुणी फोन केलाच नाही. तो दोर आता गळ्यातून काढ. हे तिला सांगता येईल अजून.

त्याला मात्र आता सांगता येत नाही. धर्मापुरीच्या वाटेवर फुटक्या सायलेन्सरच्या आवाजात मी ते इतक्यांदा घोकलंय की पाठ झालंय. त्याच्याच बोलीत घोकायचो, कारण माझ्या बोलीत ते खोटं वाटायचं.

लेका, फोन केलाच नव्हता. तुला मी थोरल्यात मिसळलं आणि इसरलो. तुझा डोळा मी घालवला, आणि वर खोटं बोललो. सुनेला बोलू नको. मला बोल. माफ कर बे मला.